घरातल्या माश्या: विषारी फवारा न वापरता बंदोबस्त कसा करावा?

शेवंती (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. घरात रांगणारं बाळ आहे, सासूबाईंना दम्याचा त्रास आहे आणि एक मांजर आहे. त्यामुळे फवारे, विषारी खडू, धुराच्या वड्या यातलं काहीच घरात आणायचं नाही असं आम्ही ठरवलंय. पण माश्यांनी अगदी नको केलंय. मी ओटा पुसते, कचऱ्याचा डबा झाकते, फळं झाकून ठेवते. तरी दुपारी खिडकीच्या काचांवर माश्या असतातच. शिवाय सिंकजवळ आणि न्हाणीघरात वेगळीच बारकी चिलटं दिसतात. बाळ झोपलं की माश्या त्याच्या डोळ्यांपाशी, ओठांपाशी येऊन बसतात, ते बघवत नाही.

रसायनं न वापरता हे खरंच आटोक्यात येतं का? कोणी करून बघितलं असेल तर सविस्तर सांगा.

---

रानवारा

येतं की! निलगिरी, गवती चहा किंवा पुदिन्याच्या तेलाचे थोडे थेंब पाण्यात घालून बाटलीत भरा, नीट हलवून खिडक्यांच्या चौकटींवर आणि दारापाशी मारा. माश्यांना हे वास सहन होत नाहीत. आमच्याकडे स्वयंपाकघराच्या खिडकीत नेहमी मारतो.

---

उंबरठा

खिडक्यांना जाळी बसवा, बाकी सगळं नंतर. जाळी बसवली असेल तर कडा तपासा. पट्टी सुटलेली असते, सरकत्या खिडकीच्या दोन झडपांमध्ये फट असते, दाराखाली बोटभर जागा असते. माशीला तेवढं पुरतं. दाराखाली ब्रशची किंवा रबराची पट्टी लावून घ्या.

---

मातीशी_नातं

शेवंती, तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडे दोन वेगळे पाहुणे आहेत, आणि दोघांचा उपाय पूर्ण वेगळा आहे. म्हणून आधी माशी कोणती ते ओळखा. लोक इथेच घाई करतात आणि मग कुठलाच उपाय लागू पडत नाही.

करड्या रंगाची, पाठीवर चार काळसर उभ्या रेघा, साधारण ६-७ मिलिमीटर लांब, ती घरमाशी. तिला वाढायला कुजणारा ओला पदार्थ लागतो: ओला कचरा, शेण, जनावरांची विष्ठा, वापरलेले लंगोट.

लालसर डोळ्यांचं, तपकिरी अंगाचं, जेमतेम ३ मिलिमीटरचं चिलट फळांभोवती घिरट्या घालतं. ते आंबलेल्या वासावर येतं. पिकलेली फळं, रिकाम्या सरबताच्या बाटल्या, ओटा पुसायचं ओलं फडकं, कांद्याबटाट्याच्या टोपलीच्या तळाशी सडलेला एखादा बटाटा.

भिंतीवर पंख पसरून बसणारी, केसाळ पंखांची, छोट्या पतंगासारखी दिसणारी ती मोरीतली माशी. ती फार उडत नाही, उडी मारल्यासारखी जरा पुढे जाते.

कुंडीला हात लावला की मातीतून उठणारी काळी, लांब पायांची, नाजूक चिलटं कुंडीतल्या ओल्या मातीत वाढतात.

आणि चकचकीत हिरव्या किंवा निळ्या मोठ्या माश्या अचानक दिसायला लागल्या, तर घरात, माळ्यावर किंवा पाइपांच्या पोकळीत उंदीर, पाल असं काहीतरी मेलेलं नाही ना ते शोधा. मांस-मासळीचा कचरा हेही कारण असतं.

आता घरमाशीबद्दल. मादी एका वेळी शंभरच्या आसपास अंडी घालते आणि असं चार-पाच वेळा करते. अंडी एका दिवसाच्या आत फुटतात. उन्हाळ्याच्या उबेत अंड्यापासून उडणारी माशी व्हायला ७ ते १० दिवस पुरतात. या आकड्यातच तुमचा उपाय आहे. ओला कचरा आठवड्यातून निदान दोनदा घराबाहेर गेला, तर त्यातल्या अळीला माशी व्हायला वेळच मिळत नाही. उलट तुम्ही काचेवरच्या माश्या मारत बसलात आणि डब्याच्या तळाशी अळ्या राहिल्या, तर पुढच्या आठवड्यात तेवढ्याच माश्या पुन्हा हजर.

डबा झाकता हे उत्तम, पण झाकणाच्या आतली कड आणि डब्याचा तळ कधी बघितलाय? पिशवीतून पाझरलेलं पाणी तळाशी साचतं आणि अळ्या तिथे पोसतात. पूर्ण वाढ झाली की ओल सोडून कोरड्या जागी जातात आणि कोष करतात. डबा उचलून खाली बघा. तांबूस-तपकिरी, तांदळाच्या दाण्याएवढे टणक कोष दिसले तर झाडून, पिशवीत घट्ट बांधून टाका. डबा साबणाच्या पाण्याने घासा आणि पूर्ण वाळवून मगच पिशवी घाला. कोरडेपणा हे अळीसाठी सगळ्यात मोठं विष आहे आणि ते बाळाला बाधत नाही.

बाळाचे लंगोट, मांजरीची मातीची पेटी आणि मांजरीच्या ताटलीत उरलेलं ओलं खाणं, या तीन जागा तुमच्या घरात मी सर्वात आधी तपासेन. लंगोट गुंडाळून, पिशवीला गाठ मारून, झाकणाच्या डब्यात. पेटीतली घाण रोज काढायची. मांजरीचं खाणं झालं की ताटली उचलायची.

---

मनीमाऊ

रानवारा, तेलांबद्दल एक सांगायलाच हवं, कारण शेवंतींकडे मांजर आहे. अशा तेलांतले बरेच घटक मांजरीच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत, त्यासाठी लागणारी यंत्रणा त्यांच्यात कमी पडते. टी ट्री, निलगिरी, पुदिना, लिंबूवर्गीय तेलं, सगळी यात येतात. फवारलेलं तेल चौकटीवर बसतं, मांजर तिथे अंग घासते आणि मग अंग चाटते. लाळ गळणं, लटपटणं, उलट्या अशी लक्षणं दिसली तर ताबडतोब पशुवैद्याकडे न्यावं लागतं.

दम्याच्या माणसालाही उग्र वास आणि धूर सोसत नाही, मग तो तेलाचा असो की उदबत्तीचा.

आणि "नैसर्गिक" लिहिलेले फवारेही बघून घ्या. शेवंतीवर्गातल्या फुलांपासून काढलेलं पायरेथ्रिन नैसर्गिकच आहे, पण ते मासे आणि मधमाश्यांसाठी घातक आहे. त्याच धर्तीवर प्रयोगशाळेत बनवलेलं परमेथ्रिन तर मांजरीच्या जिवावर बेततं.

---

रानवारा

मनीमाऊ, मांजरीचं मला ठाऊक नव्हतं, सांगितलंत ते बरं झालं. मांजर असलेल्या घरात तेल नको, हे मान्य. मांजर किंवा दमेकरी नसलेल्या घरात मात्र मी तेल बाद करणार नाही. पाहुणे यायच्या वेळी दारापाशी मारलं तर तासभर फरक जाणवतो. वास उडाला की माश्या परत, हेही खरं. तो तात्पुरता उपाय आहे.

---

कोवळं_ऊन

बाळासाठी सगळ्यात सोपा उपाय पंखा. माशी जोराच्या वाऱ्यात नीट उतरू शकत नाही. बाळ झोपतं तिथे हवा फिरती ठेवा, अंगावर थेट झोत नको. वर मच्छरदाणी. आणि दूध पाजून झालं की तोंड, मान, हाताच्या बेचक्या ओल्या फडक्याने पुसून घ्या. डोळ्यांतला, नाकातला ओलावा आणि दुधाचे डाग यांवरच माश्या येतात.

हे मनावर घ्या, कारण घरमाशीला चावता येत नाही, ती घन पदार्थावर आधी लाळ आणि पोटातला द्रव सोडते, तो पदार्थ विरघळवते आणि मग शोषते. अंगावरच्या केसांना आणि पायांना चिकटून घाण येते ती वेगळीच. हगवण, विषमज्वर, कॉलरा, डोळ्यांची खुपरी यांचे जंतू असेच पसरतात. बाळाच्या बाटलीचं बूच आणि चमचे उघडे ठेवू नका.

---

शेवंती (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. तेल बंद. आज सकाळी टॉर्च घेऊन घरभर फिरले.

मोठ्या माश्या करड्याच आहेत, म्हणजे घरमाश्या. कचऱ्याच्या डब्याखाली तांबूस दाणे निघाले! मी इतके दिवस त्यांना कसल्यातरी बिया समजत होते. डबा धुऊन उन्हात ठेवलाय.

न्हाणीघरातल्या बारक्या माश्या केसाळ पंखांच्या आहेत, भिंतीवर निवांत बसतात. सिंकजवळही त्याच आहेत की फळांवरची चिलटं आहेत, हे कळत नाही. मोरीत व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा ओतला तर चालेल का? फेस येतो आणि सगळं निघून जातं असं सगळीकडे वाचलं.

---

निचरा

आता माझा विषय आला. मोऱ्या, सांडपाण्याचे पाइप हेच माझं काम आहे.

आधी खात्री करा. रात्री काम आटोपल्यावर मोरीच्या जाळीवर चिकटपट्टी लावा, चिकट बाजू खाली. पूर्ण भोक झाकू नका, दोन्ही बाजूंना फट राहू द्या म्हणजे हवा वर येत राहील. सकाळी पट्टीवर माश्या चिकटलेल्या असतील तर उगम त्याच मोरीत. घरातल्या प्रत्येक मोरीला वेगळी पट्टी लावा आणि हे काही रात्री करा. एकाच रात्रीत काही सापडलं नाही म्हणून मोरी निर्दोष धरू नका.

व्हिनेगर आणि सोडा एकमेकांना भेटले की फेस येतो खरा, पण तो फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात आणि खाली जवळजवळ नुसतं खारट पाणी उरतं. पाइपाच्या आतल्या भिंतीवर साबण, केस, चरबी आणि जिवाणूंचा जो बुळबुळीत थर असतो, तो तसाच राहतो. माशीच्या अळ्या त्या थरात असतात. वरून पाणी गेलं तरी त्यांना फरक पडत नाही, त्या थराला धरून राहतात. त्यामुळे ब्लीच ओतलं तरी ते थराच्या वरून वाहून जातं. ब्लीच वापरायचं नाही हे तुम्ही ठरवलंच आहे. पण हा धागा वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

थर घासूनच काढावा लागतो. लांब दांड्याचा, लवचिक तारेचा गोल ब्रश घ्या. जाळी काढा, तिची खालची बाजू घासा, ती सर्वात घाण असते. मग पाइपात ब्रश जाईल तितका आत घालून फिरवत घासा. सिंकखालचा वाकडा पाइप किंवा बाटलीसारखा भाग हाताने उघडता येत असेल तर खाली बादली ठेवून उघडा आणि आतून धुवा. सिंकला जादा पाण्यासाठी वरच्या बाजूला जे छोटं भोक असतं ते बहुतेक जण विसरतात, तिथेही थर साचतो. शेवटी गरम पाणी. उकळतं नको, प्लास्टिकचे पाइप मऊ पडतात आणि जोड सैल होतात. हाताला जेमतेम सोसवेल इतपत पुरे.

थर परत धरू नये म्हणून जिवाणू किंवा विकरं असलेलं मोरीसाठीचं द्रावण मिळतं. ते थर हळूहळू पचवतं. रात्री घालायचं, सकाळपर्यंत पाणी सोडायचं नाही. आधी घासलं असेल तरच त्याचा उपयोग.

साफ केल्यावर दुसऱ्याच दिवशी माश्या गेल्या नाहीत म्हणून निराश होऊ नका. आधीच बाहेर आलेल्या माश्या दोनेक आठवडे जगतात. रोज भिंतीवरच्या दिसतील तेवढ्या ओल्या फडक्याने टिपा. संख्या घटत गेली तर तुम्ही बरोबर जागा गाठली आहे. घटली नाही तर दुसरी जागा शोधा: फरशीच्या सांध्यांखाली मुरणारं पाणी, गळका जोड, कपडे धुण्याच्या यंत्राचा नळ. आणि जी मोरी वापरात नाही तिच्यात आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओता. वाकड्या पाइपातलं पाणी आटलं की खालच्या गटारातून थेट वाट मोकळी होते.

---

पिकलेलं_फळ

सिंकजवळची चिलटं कुठली ते ओळखायला सोपी युक्ती. वाटीत बोटभर व्हिनेगर, शक्यतो सफरचंदाचं, आणि त्यात भांडी घासायच्या साबणाचा एकच थेंब. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, त्यामुळे चिलट वर तरंगत नाही, बुडतं. वाटी भरली तर फळांवरची चिलटं. वाटी रिकामी आणि मोरीवरची पट्टी भरली तर मोरीतल्या माश्या, त्यांना व्हिनेगरचं फारसं आकर्षण नसतं.

साबण भरपूर घालू नका, वासाने चिलटं फिरकत नाहीत. वाटी दर दोन-तीन दिवसांनी बदला. आणि सापळा लावला म्हणून सडलेलं फळ शोधायचं थांबू नका.

---

उंबरठा

घरमाश्यांसाठी चिकट पट्टी चांगली, पण लोक ती चुकीच्या जागी टांगतात. घरमाशी रात्री उडत नाही. ती छताजवळ, दिव्याच्या लोंबत्या वायरीवर, पडद्याच्या दांडीवर, कपाटाच्या वरच्या कडेवर बसते. तिथे बारीक काळे ठिपके दिसतात, ते तिच्या विष्ठेचे आणि ओकारीचे. जिथे ठिपके जास्त तिथे पट्टी. ओट्याच्या किंवा पाळण्याच्या वर मात्र नको. गच्चीत किंवा अंगणात उघड्यावर टांगू नका, चिमण्या आणि पाली अडकून हाल होऊन मरतात. पाल तर तुमच्या बाजूने काम करते, तिला असू द्या.

---

चौकस

निळ्या दिव्याची विजेची यंत्रं कशी? त्यात रसायन नाही. आणि दारात पाण्याने भरलेली पारदर्शक पिशवी टांगतात त्याचं काय?

---

मातीशी_नातं

चौकस, पाण्याच्या पिशवीवर वेळ घालवू नका. मी टांगलेल्या पिशवीवरच माश्या बसलेल्या बघितल्यात.

दिव्याचं यंत्र काम करतं, माशी अतिनील प्रकाशाकडे ओढली जाते. पण विजेचा झटका देणाऱ्या यंत्रात माशीचे तुकडे उडतात आणि तिच्या अंगावरचे जंतू हवेत पसरतात, म्हणून स्वयंपाकघरात ते नकोच. आत चिकट कागद असलेलं घ्या. खिडकीसमोर लावू नका. दिवसाच्या उजेडापुढे दिवा फिका पडतो, आणि रात्री बाहेरचे किडे त्याला बघून आत यायला धडपडतात.

आमिषाचा सापळाही करता येतो. प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा आत बसवायचा, तळाशी आंबलेलं फळ आणि साखरेचं पाणी. मात्र तो घरात किंवा दारात ठेवू नका. वासाने तो दुरूनही माश्या बोलावतो, म्हणून घरापासून शक्य तितका लांब, कचरा ठेवतात त्या बाजूला.

---

घाईत_आहे

एवढं सगळं करण्यापेक्षा बाळाला एक दिवस आजोळी पाठवून एकदाच जोरदार फवारणी केली तर? एकदा विषय संपेल ना?

---

मातीशी_नातं

विषय संपत नाही, म्हणून तर हा सगळा खटाटोप. फवारा उडणाऱ्या माशीला लागतो. कचऱ्याच्या आतली अळी आणि कोषातली माशी बहुतेक सुखरूप राहते. आठवड्याभरात नवीन पिढी बाहेर येते आणि पुन्हा फवारा. शिवाय ज्या माश्या फवाऱ्यातून वाचतात त्यांचीच वीण वाढते. डीडीटी घरोघरी आली तेव्हा माश्या संपल्या असंच लोकांना वाटलं होतं. १९४६ मध्ये स्वीडनमध्ये डीडीटीला दाद न देणाऱ्या घरमाश्या आढळल्या, म्हणजे मोजकी वर्षंच लागली. आजच्या पायरेथ्रॉइड, म्हणजे परमेथ्रिनच्या जातीच्या, फवाऱ्यांनाही बऱ्याच ठिकाणच्या घरमाश्या सरावल्या आहेत.

घासलेला, वाळवलेला डबा मात्र कुठल्याही माशीला सरावाने जिंकता येत नाही.

---

शेवंती (धागाकर्ती)

निचरा, तुमचा पट्टीचा प्रयोग अचूक ठरला. न्हाणीघराच्या पट्टीवर माश्या, सिंकची पट्टी स्वच्छ. सिंकजवळ व्हिनेगरची वाटी भरली, म्हणजे तिथे फळांवरचीच चिलटं. टोपलीच्या तळाशी सडलेला कांदा निघाला. न्हाणीघराची मोरी घासताना जे काही बाहेर आलं ते इथे लिहीत नाही!

मोठ्या माश्या बऱ्याच कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. एक राहून गेलं होतं सांगायचं: बाल्कनीत कंपोस्टचा डबा आहे. आज तो उकरला तर आत दोन प्रकारच्या अळ्या. काही पांढऱ्या, बारीक. आणि काही मोठ्या, चपट्या, मातकट-तपकिरी, कातडी जाड, पेरं पेरं असलेल्या. बघून अंगावर काटा आला. सगळा डबा फेकून देऊ का?

---

ओंजळभर_माती

फेकू नका! पांढऱ्या, एका टोकाला निमुळत्या, त्या घरमाशीच्या. मोठ्या चपट्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लायच्या, आणि त्या तुमच्या मदतीला आल्यात. ती माशी काळी, लांबट, गांधीलमाशीसारखी दिसते, पण तिला नांगी नाही आणि ती तुमच्या अन्नावर येऊन बसत नाही. तिच्या अळ्या ओला कचरा झपाट्याने संपवतात, आणि त्या जिथे भरपूर असतात तिथे घरमाशी अंडी घालायला फारशी येत नाही.

घरमाशीच्या अळ्या आहेत याचा अर्थ डबा फार ओला आहे आणि ओला कचरा उघडा पडतोय. आज हे करा: सुका पाला, भुसा किंवा फाडलेला पुठ्ठा भरपूर मिसळा. मूठभर कंपोस्ट घेऊन दाबा, पाणी ठिबकलं तर अजून सुकं घाला. नुसती ओल जाणवली तर बरोबर. यापुढे ओला कचरा वर टाकायचा नाही, मधोमध खड्डा करून घालायचा आणि वर वीतभर सुक्या मालाचा थर. शिजलेलं अन्न, दूध, मांस-मासळी काही दिवस बंद. हवेच्या भोकांना आतून बारीक जाळी चिकटवा आणि पाझरलेलं पाणी तळातून रोज काढा.

ढीग मोठा असेल तर मधे ५५-६० अंशांपर्यंत तापतो आणि अळ्या तिथे तग धरत नाहीत. बाल्कनीतला छोटा डबा एवढा तापत नाही, म्हणून सुक्या थरावरच भर द्या. डब्याखाली आणि कुंड्यांमागे कोषही शोधा, पांढऱ्या अळ्या तिकडेच गेल्या असतील.

---

मनीमाऊ

बाल्कनीत कुंड्या आहेत म्हणजे मातीतली चिलटंही कधीतरी येतील. वरची बोटभर माती वाळल्याशिवाय पाणी घालू नका, जमलं तर खालच्या ताटलीतून द्या. पिवळा चिकट कागद मातीजवळ खोचा. तरीही हटली नाहीत तर बीटीआय नावाचं जिवाणूंचं औषध पाण्यातून द्यायचं. ते डासांच्या आणि या चिलटांच्या अळ्यांवर चालतं, माणसं आणि मांजरांना अपाय करत नाही. घरमाशीवर मात्र त्याचा उपयोग नाही, म्हणून ते कंपोस्टमध्ये ओतू नका.

---

शेवंती (धागाकर्ती)

पुठ्ठा फाडायला सासूबाई बसल्यात. ओंजळभर_माती, वीतभर थर म्हणजे प्रत्येक वेळी कचरा घातल्यावर की दिवसातून एकदा?

---

ओंजळभर_माती

प्रत्येक वेळी. सुक्या मालाची एक पिशवी डब्याशेजारीच भरून ठेवा. तेवढा थर रोज जमत नसेल तर ओला कचरा झाकणाच्या डब्यात साठवून दिवसातून एकदाच घाला आणि लगेच झाका. उन्हाळ्यात त्याहून जास्त थांबू नका.